पानात औषध असते म्हणजे नेमके काय असते?

उन्हाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर आसपासच्या वाड्यांतल्या बायका पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसतात. करवंद देठाकडून हलकेच दाबले, की पांढऱ्या चिकाचा एक थेंब वर येतो, बोटांना आणि ओठांना चिकटतो, आणि आतला गर्द लाल गर दिसू लागतो. द्रोण हातात देताना एखादी मावशी न विचारताच सांगते, की खा, करवंदाने रक्त वाढते. जांभळाच्या बियांची पूड साखरेवर, आमसुलाचे सार पित्तावर, अडुळशाचा रस खोकल्यावर, अशी विधाने आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती खरी की खोटी, असे रसायनशास्त्राला थेट विचारले तर उत्तर लगेच मिळत नाही, कारण रसायनशास्त्र त्या विधानाची आधी फोड करते. त्या फळात किंवा पानात नेमका कोणता रेणू आहे, तो किती प्रमाणात आहे, शरीरात तो कुठवर पोचतो आणि तिथे काय करतो, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाच्या उत्तराला वेगळी पद्धत लागते. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवतो आहे, आणि विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गफलत या चार प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करावी लागते. वनस्पती कोणताही रेणू माणसासाठी बनवत नाही. तिला पळता येत नाही, म्हणून किडीपासून, बुरशीपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून ती रसायनांच्या बळावर स्वतःचे रक्षण करते. करवंदाचा चीक जखम बुजवतो आणि पाने कुरतडणाऱ्या किड्याचे तोंड चिकटवतो. हिरड्याचा तुरटपणा टॅनिन या गटातल्या रेणूंमुळे येतो. हे रेणू प्रथिनांना घट्ट धरतात, म्हणून तोंड आवळल्यासारखे वाटते, आणि नेमक्या त्याच गुणामुळे हिरडा कातडी कमावण्यासाठी पूर्वीपासून वापरला गेला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आदिवासी कुटुंबांसाठी बाळहिरडा गोळा करणे हे आजही उत्पन्नाचे साधन आहे. फळाचा लाल-जांभळा रंग मात्र रक्षणासाठी नसून आमंत्रणासाठी असतो. पक्ष्यांनी फळ खावे आणि बी दूर नेऊन टाकावे, यासाठी झाडाने अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये तयार केलेली असतात.

ही रंगद्रव्ये घरी तपासता येतात. मूठभर पिकलेली करवंदे किंवा जांभळे कुस्करून पाण्यात कालवावीत, गाळून घ्यावीत आणि ते पाणी तीन वाट्यांत ओतावे. पहिल्या वाटीत लिंबाचे चार थेंब टाकले की रंग उजळ लाल-गुलाबी होतो, दुसरी वाटी तशीच ठेवली तर जांभळट राहते, आणि तिसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की रंग निळसर-हिरवट होऊ लागतो. रेणू तोच असतो, पण आम्लात त्याला एक जादा हायड्रोजन चिकटलेला असतो आणि अल्कात तो निघून जातो. तेवढ्या बदलाने त्यातल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो. सोड्याच्या वाटीतला रंग थोड्या वेळाने मातकट होतो, कारण त्या अवस्थेत हा रेणू टिकत नाही. आमसुलाचे सार आंबट असल्यामुळेच लाल राहते. फळातला 'गुण' ही स्थिर वस्तू नसून तो आम्लता, उष्णता, उजेड आणि वेळ यांवर अवलंबून असतो, हे समजायला या तीन वाट्या मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा उपयोगी वाटतात.

प्रयोगशाळेतले काम मात्र वाटीपासून सुरू होत नाही. ते वनस्पतीच्या ओळखीपासून सुरू होते, आणि इथे झालेली चूक पुढे कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. 'ब्राह्मी' या एकाच नावाने काही ठिकाणी नीरब्राह्मी ओळखली जाते, तर काही ठिकाणी गोल पानांची मंडूकपर्णी. या दोन वनस्पती वेगवेगळ्या कुळांतल्या आहेत आणि त्यांच्यातले मुख्य रेणूही वेगळे आहेत. म्हणून संशोधक आपला नमुना वाळवून, दाबून, कागदावर चिकटवून वनस्पतितज्ज्ञाकडून नक्की करून घेतो. या बाबतीत पुणेकरांचे भाग्य मोठे आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून इथे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये उभी राहिलेली आणि १९९२ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाणारी आघारकर संशोधन संस्थाही इथेच आहे, आणि दोन्ही ठिकाणी वाळवलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत.

ओळख पटली की पाने किंवा साल सावलीत वाळवतात, भरड दळतात आणि द्रावकात भिजवतात. द्रावकाची निवड हा या कामाचा गाभा आहे. हेक्झेनमध्ये मेणासारखे आणि तेलकट रेणू उतरतात, एथिल ॲसिटेटमध्ये मधल्या स्वभावाचे, आणि मिथेनॉल किंवा पाण्यात साखर, टॅनिन व रंगद्रव्ये उतरतात. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये वर्णन केलेले काचेचे उपकरण आजही बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत या कामासाठी मांडलेले दिसते. खाली द्रावक उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने पुडीवर पडते आणि नळी भरली की सगळे एकदम खाली ओतले जाते. हे चक्र तासन्‌तास चालते. शेवटी द्रावक उडवून टाकला की बुडाशी काळपट-हिरवा चिकट अर्क उरतो. त्याला औषध म्हणण्याची घाई पुष्कळ जण करतात, पण त्यात शेकडो वेगवेगळे रेणू एकत्र असतात.

ते वेगळे करण्याची युक्ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवली. पानांचा अर्क त्यांनी खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून खाली जाऊ दिला, तेव्हा हिरव्या आणि पिवळ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे पडले. जो रेणू भुकटीला जास्त चिकटतो तो मागे राहतो आणि जो द्रावकाबरोबर जास्त रमतो तो पुढे जातो. आज खडूच्या जागी सिलिका जेल असते आणि पहिली चाचणी बोटाएवढ्या पट्टीवर होते. पट्टीच्या तळाशी अर्काचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवतात, पट्टी द्रावकात उभी करतात, आणि द्रावक वर चढताना त्या एका ठिपक्याचे सात-आठ ठिपके होतात. त्यांतले काही साध्या उजेडात दिसतात, काही फक्त अतिनील दिव्याखाली. त्यातला एक ठिपका शुद्ध स्वरूपात मिळवायला कधी कधी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे वर्षभर जाते. शुद्ध पदार्थ हाती आला की वस्तुमान वर्णपटावरून त्याच्या रेणूचे वजन आणि एनएमआर या चुंबकीय तंत्रावरून अणूंची जोडणी कळते, आणि तेव्हा कुठे पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे 'कोणता रेणू' या प्रश्नाचे, उत्तर मिळते.

रानफळांवरच्या लेखांत आणि बातम्यांत सर्वाधिक येणारा शब्द म्हणजे अँटिऑक्सिडंट, आणि त्याबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. त्यासाठीची सर्वांत प्रचलित चाचणी डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनावर होते. त्या रेणूत एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. फळाच्या अर्कातल्या रेणूने त्याला हायड्रोजन दिला की जांभळा रंग जाऊन पिवळा उरतो, आणि रंग किती उतरला ते यंत्रावर मोजता येते. चाचणी स्वस्त आहे, सोपी आहे आणि विद्यार्थ्यांना शिकवायला उत्तम आहे. पण डीपीपीएच हे रसायन आपल्या शरीरात नसते, आणि परीक्षानळीत तो अर्क थेट त्याच्या अंगावर ओतलेला असतो. शरीरात मात्र अँथोसायनिनसारख्या रेणूंचा फार थोडा अंश मूळ स्वरूपात रक्तात पोचतो. बाकीचा आतड्यात मोडतो किंवा तसाच बाहेर पडतो. त्यामुळे 'करवंदात उत्तम अँटिऑक्सिडंट गुण आढळले' या वाक्याने पहिल्या दोन प्रश्नांची अर्धी उत्तरे दिलेली असतात आणि उरलेल्या दोन प्रश्नांना हात लावलेला नसतो. करवंद जरूर खावे, कारण ते चवदार आहे आणि ताजे फळ आहे. त्यासाठी परीक्षानळीच्या दाखल्याची गरज नाही.

कोकमाच्या जातीतल्या फळांचे उदाहरण अधिक गंभीर आहे. त्यांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते, आणि शरीरात साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ते अडवते, हे प्रयोगशाळेत स्पष्ट दिसले आहे. तेवढ्या आधारावर वजन उतरवण्याच्या गोळ्यांचा जगभर मोठा धंदा उभा राहिला. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र त्यांचा परिणाम अगदी किरकोळ किंवा नगण्य आढळला, आणि अशा गोळ्या घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आमटीतली दोन आमसुले आणि बाटलीतला संहत अर्क यांत रेणू तोच असला तरी मात्रा वेगळी असते, आणि दुसरा प्रश्न, 'किती', हा इथे जिवाशी येऊ शकतो.

याचा अर्थ परंपरेतले ज्ञान टाकाऊ आहे, असा मुळीच नाही. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसिन नावाचा रेणू असतो. त्याच्या रचनेत रसायनशास्त्रज्ञांनी फेरफार करत ब्रोमहेक्झिन तयार केले, आणि छातीतला कफ पातळ करणाऱ्या अनेक सिरपांच्या लेबलावर आज ते नाव वाचायला मिळते. चीनमधल्या तू यूयू यांना हिवतापावर चाचणी घेताना एका वनस्पतीचा उकळलेला अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. जुन्या ग्रंथात ती वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची सूचना त्यांना आढळली, तेव्हा त्यांनी उकळणे सोडले आणि कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. त्या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा एक नाजूक पूल आहे आणि औषधाची सारी ताकद त्यातच असते. तू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. जुन्या ग्रंथातला पाककृतीचा तपशील आणि नवे रसायनशास्त्र यांनी एकमेकांना इतके नेमके पूरक व्हावे, याचे मला आजही नवल वाटते.

आतापर्यंत रेणू शोधण्याबद्दल बोललो, पण तो औषध म्हणून घडवायचा तर उत्प्रेरक लागतात, म्हणून आता त्यांच्याकडे वळू. कात्रजचा डोंगर ओलांडून साताऱ्याच्या बाजूला जायचे असेल, तर घाट चढून जाता येते किंवा बोगद्यातून जाता येते. दोन्ही वाटांनी निघण्याचे आणि पोचण्याचे ठिकाण तेच असते, फक्त बोगद्यामुळे चढण कमी होते. रासायनिक अभिक्रियेतही रेणूंना एक चढण पार करावी लागते, आणि उत्प्रेरक म्हणजे ती चढण कमी करणारी वाट काढून देणारा पदार्थ. तो अभिक्रियेत भाग घेतो, पण शेवटी जसाच्या तसा परत मिळतो, म्हणून चिमूटभर उत्प्रेरक टनावारी माल घडवू शकतो. जे घडणे मुळातच शक्य नाही ते तो घडवू शकत नाही. जे फार सावकाश घडले असते ते तो लवकर घडवतो. करवंदाच्या झुडपात भर उन्हात, कोणत्याही भट्टीवाचून जी रंगद्रव्ये तयार होतात, ती विकरांमुळे, म्हणजे झाडाच्या स्वतःच्या उत्प्रेरकांमुळे.

पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि उत्प्रेरक हा तिथल्या संशोधनाचा एक मोठा विषय राहिला आहे. १९८० च्या दशकात तिथे 'एन्सिलाइट' नावाचे झिओलाइट उत्प्रेरक विकसित झाले आणि ते कारखान्यांतही वापरले गेले. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा जाळीदार स्फटिक. त्यातली छिद्रे साधारण रेणूच्याच मापाची असतात. त्या चाळणीतून सडपातळ रेणू सहज जातात आणि रुंद रेणू अडतात, त्यामुळे पॉलिस्टर धाग्यासाठी लागणारे पॅरा-झायलीन मिळवणे सोयीचे होते.

औषधांच्या बाबतीत उत्प्रेरकाचे काम आणखी नाजूक असते. डावा आणि उजवा हात सारखे दिसत असले तरी एकाचा मोजा दुसऱ्याला बसत नाही, तशीच अनेक रेणूंची डावी आणि उजवी अशी दोन रूपे असतात. वनस्पती बहुधा त्यातले एकच रूप बनवते, कारण तिचे विकर मुळातच एका हाताचे असतात. साध्या भांड्यात केलेल्या अभिक्रियेत दोन्ही रूपे निम्मी-निम्मी मिळतात. २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना ज्या कामाला मिळाले ते हेच होते, की उत्प्रेरकालाच एक 'हात' द्यायचा, म्हणजे तोही एकाच रूपाचा रेणू घडवतो. त्या तिघांपैकी बॅरी शार्पलेस यांच्या एका पद्धतीत ऑस्मियम या धातूला ज्या रेणूने हात दिला, तो सिंकोना या झाडाच्या सालीतल्या क्विनाइनच्या कुटुंबातला आहे. हिवतापावरचे औषध म्हणून १८२० मध्ये वेगळा केलेला हा गट अशा रीतीने दुसरी औषधे घडवण्याच्या कामी आला.

वनस्पती आणि कारखाना यांचे असे नाते पुणेकरांनी एकदा अगदी जवळून अनुभवले आहे, जरी तेव्हा ते फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही. ऑगस्ट २००९ मध्ये भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि टॅमिफ्लू हे नाव घरोघरी पोचले. त्या औषधाची घडण ज्या शिकिमिक आम्लापासून सुरू होते, ते प्रामुख्याने चक्रफुलातून काढले जात असे. आपल्या मसाल्याच्या डब्यातले हेच ते चक्रफूल. परंतु शिकिमिक आम्ल हे स्वतः औषध नाही. कारखान्यात त्याच्यावर एकामागून एक अनेक अभिक्रिया झाल्या की मग औषध तयार होते. त्या दिवसांत चक्रफुलाचा काढा पिण्याचे सल्ले कानावर येत, आणि ते देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण सुरुवातीचा रेणू आणि शेवटचा रेणू यांत त्यांची गल्लत झाली होती.

अलीकडे पानांच्या अर्कापासून थेट उत्प्रेरक बनवण्याचे काम महाविद्यालयांतही होऊ लागले आहे. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात आवळ्याचा किंवा जांभळाच्या पानांचा अर्क मिसळला की ते हळूहळू पिवळसर-तपकिरी होते, कारण अर्कातले फिनॉलिक रेणू चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते कण काम करतात का, हे पाहण्याची चाचणी डोळ्यांनी दिसते. पॅरा-नायट्रोफिनॉलच्या पिवळ्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड घातले तर ते गडद पिवळे होऊन तसेच राहते. त्यात या कणांचे थोडे पाणी टाकले, की काही मिनिटांत सगळा पिवळेपणा नाहीसा होतो आणि पॅरा-अमिनोफिनॉल तयार होते. पॅरासिटामॉल ज्यापासून बनते ते हेच. या कामाला सरसकट 'हरित' म्हटले जाते, ते मला पटत नाही. बोरोहायड्राइड काही पानातून आलेले नाही, आणि तेच कण गाळून पाच-सहा वेळा पुन्हा वापरून पाहिले नाहीत, चांदी पाण्यात उतरते का हे तपासले नाही, तर तो दावा अपुरा राहतो.

या दोन वाटा, म्हणजे वनस्पतीतला रेणू आणि उत्प्रेरक, जिथे एकत्र येतात ते झाड आपल्या सह्याद्रीतच आहे. त्याचे नाव नरक्या. त्याच्या लाकडाला आणि पानांना उग्र दुर्गंधी येते, म्हणून हे नाव पडले. त्यात कॅम्प्टोथेसिन असते. हा रेणू १९६६ मध्ये एका चिनी झाडातून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत शोधला. वाणी हे नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल हे कर्करोगावरचे दुसरे मोठे औषधही याच जोडीने शोधून काढले. १९७२ मध्ये कॅम्प्टोथेसिन नरक्यातही असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएच्या दोरीला पडलेला पीळ सोडवावा लागतो, आणि त्यासाठी एक विकर दोरीचा एक पदर कापून, पीळ काढून, तो पुन्हा जोडतो. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापलेल्या जागी जाऊन बसते आणि जोड होऊ देत नाही, त्यामुळे वेगाने विभागणारी कर्करोगाची पेशी मरते.

मूळ रेणू पाण्यात विरघळत नसल्यामुळे सुरुवातीच्या रुग्णचाचण्यांत त्याचा सोडियम क्षार दिला गेला. त्यात रेणूमधले एक महत्त्वाचे कडे उघडले जाते, म्हणून गुण कमी आणि त्रास फार, असे झाले. पुढे रचनेत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली, आणि १९९६ मध्ये दोन्हींना अमेरिकेत परवानगी मिळाली. तीस वर्षांच्या या वाटचालीची किंमत जंगलानेही मोजली. कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण वाळलेल्या लाकडाच्या एक टक्क्याहूनही कमी असते, त्यामुळे सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड आणि चोरटी वाहतूक झाली.

झाड न तोडता हा रेणू मिळवण्याचे प्रयत्न अनेक बाजूंनी झाले आहेत. तो पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवता येतो, मात्र त्याचे एकच 'हाताचे' रूप गुणकारी असल्यामुळे तिथे हात असलेला उत्प्रेरक लागतो. १९९४ च्या एका संश्लेषणात त्यासाठी शार्पलेस यांची पद्धत वापरली गेली, म्हणजे सिंकोनाच्या सालीतल्या रेणूच्या मदतीने नरक्यातला रेणू घडवला गेला. तरीही इतक्या पायऱ्यांचा खर्च झाडापासून काढण्यापेक्षा जास्त पडतो, म्हणून औषधासाठी लागणारा कच्चा माल अजूनही मुख्यतः झाडांतूनच येतो. दुसरी वाट ऊतीसंवर्धनाची आहे, आणि तिसरी नरक्याच्या आत राहणाऱ्या बुरशीची. अशी एक बुरशी स्वतंत्रपणे वाढवली असता तीही कॅम्प्टोथेसिन बनवते, असे २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाले, आणि झाडाला हात न लावता टाकीत औषध पिकवण्याची आशा निर्माण झाली. पण झाडातून बाहेर काढलेल्या अशा बुरशा काचेच्या बशीत पुन्हा पुन्हा वाढवल्या, की काही पिढ्यांतच त्यांचे उत्पादन घसरत जाते. झाडाकडून त्यांना असे काय मिळत होते जे बशीत मिळत नाही, याचा शोध सध्या चालू आहे.